जुन्यातलं काय ठेवायचं

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण सरकवलं तर आतून आधी एक झुरळ निघालं, त्याच्या मागून दोन, आणि मग मी मोजायचंच सोडलं. बापूकाकांनी पाय वर घेऊन खुर्चीतच मांडी घातली. पद्मावहिनी भज्यांची परात उचलून दारापर्यंत गेल्या. माझे दोघं भाऊ मात्र जागचे हलले नाहीत. मुरलीदादा एका बाजूनं वाकलेला, शशी दुसऱ्या बाजूनं. पायावरून झुरळ गेलं तरी दोघांची नजर आतच.

"चप्पल मार की," मी शशीला म्हणाले.

"तू मार ताई. मी इकडं लक्ष ठेवतो."

लक्ष ठेवायचं ते दादावर, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. मीच चप्पल काढली आणि जमतील तेवढी मारली.

आमच्या प्रेसमध्ये खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. ट्रेडलची, कटिंग मशीनची, आणि घेतल्यापासून कॉम्प्युटरचीही. माझे वडील, आप्पा, कॅबिनेटच्या डोक्यावर हळदकुंकू वाहायचे, अक्षता टाकायचे, वर झेंडू. नेमकी तिथंच हवेसाठी जाळी. मी दर वर्षी सांगायचे, आप्पा, बाजूला पाटावर वाहा. "यंत्राला नाही वाहायचं तर कुणाला?" ते म्हणायचे, आणि आणखी एक चिमूट टाकायचे. ते सगळं आत जाऊन बसलेलं. कुंकू, धूळ आणि झुरळांची घाण यांचा लालकाळा थर, त्यात किडके तांदूळ, त्यात कुजून काळ्या पडलेल्या पाकळ्या. वास असा की ओढणी नाकाला लावूनही जाईना.

आप्पांचं वर्षश्राद्ध आदल्या दिवशी झालं होतं. त्यासाठी आलेले बापूकाका, म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ, वाटणी उरकूनच गावी परतणार होते. मोठं सगळं ठरलेलं होतं. प्रेसची इमारत आणि छपाईची यंत्रं दादाला. सांगली रस्त्यावरचा प्लॉट आणि कोर्टाजवळचा गाळा शशीला. मी हक्कसोडावर सही करायची. तो कागद बापूकाकांच्या पिशवीत तयार होता, आज सही आणि उद्या रजिस्टर ऑफिसात नोंद. यात मला काही वावगं वाटत नव्हतं. बहिणींनी सही करायची आणि साडीचोळी घेऊन डोळे पुसायचे, ही आमच्याकडची रीत, आणि मला साडीचाही सोस नव्हता. मला माझी खोली पाहिजे होती. नवऱ्याला मी सोडलं की त्यानं मला, यावर आमच्या विट्यात दोन मतं आहेत, पण परत आल्यापासून मी प्रेसच्या मागच्या खोलीत राहत होते आणि पुढं कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दहाव्याची कार्डं जुळवत होते. खोली आणि हे काम, एवढंच. दादानं तसा शब्दही दिला होता. "तू कुठं जातीस उजा? तुझंच घर आहे," असं तो आप्पांच्या दहाव्याला चारचौघांत म्हणाला होता.

राहिला होता कॉम्प्युटर. दादाला प्रेससाठी पाहिजे, शशीला गाळ्यात कार्डांचं दुकान टाकायचं होतं म्हणून त्यालाही पाहिजे. सगळंच्या सगळं नवीन घ्यायला दोघांचंही मन होत नव्हतं. तेव्हा जुन्यातलं चांगलं ते दोघांनी वाटून घ्यायचं, उरलेलं विकत आणायचं आणि प्रत्येकानं आपलं मशीन उभं करायचं, असं बापूकाकांनी ठरवलं. काय चांगलं आणि काय नाही हे सांगायला मी.

बापूकाकांनी भावकीतल्या निम्म्या घरांच्या वाटण्या केल्या होत्या. एका घरात दोघं भाऊ जात्यावरून भांडायला लागले तर वरची तळी एकाला आणि खालची दुसऱ्याला, असं त्यांनी खरोखर केलेलं. त्याचा त्यांना अभिमान होता.

"यात पंखे किती हायत?" त्यांनी विचारलं.

"दोन. एक प्रोसेसरवर आणि एक पॉवर सप्लायच्या डब्यात."

"झालं तर. एक मुरलीला, एक शशीला."

"काका, पंखा काढला तर खालचा प्रोसेसर जळतो."

"मग ज्याच्याकडं प्रोसेसर जाईल त्यानं बाजारातनं पंखा आणावा. उद्या कुणी म्हणायला नको, काकांनी एकाला पंख्यासकट दिलं."

दादानं मान डोलावली. त्याचं तोंड गुटख्यानं भरलेलं असल्यामुळं तो महत्त्वाच्या गोष्टीलाच बोलायचा, आणि बोलायच्या आधी टेबलाखालच्या डब्यात थुंकायचा. तो डबा रोज मी रिकामा करायचे. आता तो थुंकला आणि म्हणाला, "प्रोसेसर मला. मी थोरला."

"थोरला म्हणून इमारत घेतलीस की," शशी म्हणाला.

"काकांनी दिली. मी घेतली नाही."

"मग प्रोसेसरपण काकांनाच देऊ दे."

मी मध्ये बोलले. "प्रोसेसर जुना झालाय. नव्या बोर्डावर बसणारच नाही. कुणीच ठेवू नका."

यावर दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तो प्रोसेसर रात्रीतून पळवणार आहे. एकाला तो नको म्हटलं की दुसऱ्याला हवा व्हायचा. बिचाऱ्या प्रोसेसरला त्याच्या आख्ख्या आयुष्यात एवढा मान कुणी दिला नव्हता.

मी कीबोर्ड उचलला आणि वर्तमानपत्रावर पालथा करून आपटला. त्यातून जे पडलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण आज सांगते. सुपारीची भुकटी, केस, मेलेल्या मुंग्या आणि नखं. कापलेली नखं, वाकडी, पिवळी. शशी दुपारी माझ्या जागेवर बसून पत्ते खेळायचा आणि खेळता खेळता नेलकटर चालवायचा, ती ही नखं. म्हणजे इतकी वर्षं मी लोकांच्या चि. सौ. कां. आणि श्री कुलस्वामिनी प्रसन्न या नखांवर बोटं ठेवून टाइप करत होते.

"हा टाकून द्या," मी म्हणाले.

"चालतोय नव्हं?" बापूकाका म्हणाले.

"चालतो."

"मग टाकायचा कशाला? बाजूला ठेव. बघू कुणाला लागतो."

वहिनींनी परात पुन्हा आणून ठेवली. बापूकाकांनी एक भजं तोंडात टाकलं आणि त्याच तेलकट बोटांनी रॅमची पट्टी उचलून डोळ्यांजवळ नेली. मी म्हणाले, काका, त्या सोनेरी कडेला हात लावू नका. "सोनं हाय व्हय यात?" त्यांनी विचारलं, आणि ताबडतोब दोघं भाऊ पुढं सरकले. मला सांगावं लागलं की सोनं नाही, नुसता मुलामा आहे. तरी दादानं ती पट्टी हातात घेऊन जोखून बघितली.

रॅमच्या पट्ट्या दोन होत्या, एक मेमरीनं मोठी आणि एक तिच्या निम्मी. दिसायला सारख्याच. शशी उठला आणि म्हणाला, "ताई, जरा पाणी दे." मी आत गेले तर माझ्यामागून तोही आला. माठाजवळ उभा राहून हळूच म्हणाला, "त्यातली चांगली कुठली? नुसती मान हलव. दादाला कळायचं नाही."

"तुला चांगली मिळाली तर त्याला वाईट मिळणार."

"मग? त्याला इमारत मिळालीय."

मी पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला आणि बाहेर आले. थोड्या वेळानं दादानं मला यंत्राकडं बोलावलं, कटिंग मशीनला तेल कुठलं घालतेस ते सांग म्हणून. मशीनकडं न बघताच म्हणाला, "हार्ड डिस्क माझ्याकडं आली पाहिजे. सगळ्या पत्रिकांचा मजकूर त्यात आहे. तू असं सांग की ती दादाच्याच मशीनला बसेल."

"ती कुठंही बसते."

"ते त्याला काय कळतंय? तू सांग. तू माझ्याकडं राहणार आहेस की त्याच्याकडं?" एवढं बोलून तो माझ्या पायाजवळ थुंकला. मुद्दाम नाही, डबा जवळ नव्हता म्हणून. मला दोघांचीही शिसारी आली. हे माझे भाऊ, यांना मी ओवाळते.

हार्ड डिस्कची गोष्ट बापूकाकांपुढं आली तेव्हा मी खरं तेच सांगितलं. डिस्क चांगली आहे, कुणाच्याही मशीनला चालेल, आणि आतलं सगळं दुसऱ्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवता येतं.

"म्हणजे दोघांकडं सगळंच राहील?" बापूकाकांनी विचारलं.

"हो."

"मग भांडण कशाला? डिस्क मुरलीला आणि नक्कल शशीला. उजे, तेवढं तू बसून करून दे."

"सगळं येईल का त्यात?" शशीनं विचारलं. "बॉर्डर, गणपती, फॉन्ट, ती तुझी कवितेची पानंपण?"

कविता म्हणजे पत्रिकेत घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावानं छापायच्या चार ओळी, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' वगैरे. त्या मी करायचे. लोक त्यासाठी तासगावहून यायचे. "येईल," मी म्हणाले. "सगळं येईल."

"म्हणजे मग नुसती नावं बदलायची," दादा म्हणाला. "ते कुणीही करेल." शशी हसला. सकाळपासून दोघं पहिल्यांदाच एका गोष्टीवर खूश झाले होते. मला ते बोलणं लागलं, पण का लागलं ते तेव्हा कळलं नाही.

दुपार कलेपर्यंत सगळं लागलं मार्गाला. मॉनिटर दादाला, प्रिंटर शशीला. डिस्क दादाला, सीडी रायटर शशीला. रॅम चिठ्ठ्या टाकून. मोठी दादाला गेली, आणि शशीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू चिठ्ठी मीच लिहिली होती. कोपऱ्यात टाकाऊचा ढीग झाला. कॅबिनेट, शेवटी दोघांनीही सोडलेला जुना प्रोसेसर, फ्लॉपी ड्राइव्ह, बॉलचा माउस, तो नखांचा कीबोर्ड. कपॅसिटर फुगून मरायला टेकलेला मदरबोर्ड. आणि पॉवर सप्लाय, ज्याला करपल्याचा वास येत होता. त्याबद्दल मी दोघांनाही निक्षून सांगितलं होतं, हा ठेवूच नका, एक दिवस पेट घेईल आणि सोबत बाकीचंही जाळेल.

बापूकाकांनी धोतराला हात पुसले, पिशवीतून कागद काढला आणि माझ्यापुढं ठेवला. आई आतून येऊन उंबऱ्यात बसली. सकाळपासून ती बाहेर आली नव्हती.

"आता सही कर पोरी. म्हंजे मी मोकळा."

मी पेन घेतलं. वहिनी म्हणाल्या, "थांबा वन्सं. साडीचं राहिलंच की. कालच्या गडबडीत आणायला जमलंच नाही."

"राहू दे वहिनी."

"तसं नाही, रिकाम्या हातानं सही घेऊ नये," बापूकाका म्हणाले. "बहिणीला कायतरी द्यावंच लागतंय. मुरली?"

दादानं इकडंतिकडं बघितलं. मग त्याचा चेहरा उजळला. त्यानं कोपऱ्यातल्या ढिगाकडं बोट दाखवलं. "साडी कुठं नेसती ती? हे दे तिला. आख्खा कॉम्प्युटर होतोय. तिला जोडायला येतंय, तिचं ती बघंल."

"ब्येस," बापूकाका म्हणाले. "दोघांचं नाव झालं आणि तिचंबी काम झालं."

"माझ्याकडून पण हेच धर ताई," शशी म्हणाला. तो वाकून एकेक वस्तू गोणपाटात भरायला लागला. फुगलेला बोर्ड. पॉवर सप्लायचा करपलेला डबा. मी टाका म्हणून सांगितलेलं ते सगळं, आणि वर कीबोर्ड.

मी त्याच्याकडं बघत राहिले. "हे चालणार नाही, शशी. हे पेटतं, असं मी तुला सकाळीच सांगितलंय."

"अगं, आम्हाला कामाला लागतं. तुला काय, घरात बसून थोडं थोडं करायचं."

"घरात म्हणजे कुठं?"

शशीनं दादाकडं बघितलं. दादानं थुंकायचा डबा पायानं ओढून घेतला. वहिनी परात उचलून आत निघाल्या, आणि उंबऱ्यात आई बसलेली असल्यामुळं अडकल्या.

"घरात म्हणजे कुठं, दादा?"

"ते बोलणारच होतो," दादा म्हणाला. "मागची खोली पाडावी लागतीय. नवीन ऑफसेट मशीन येतंय, त्याला जागा कुठंय? स्टँडमागं बायकांना खोल्या मिळतात. पद्मा बघून आलीय. चांगली आहे. खिडकी आहे तिला."

"आणि इथलं काम?"

"इथं पोरगी ठेवतोय मी. नुसती नावं तर बदलायचीत." मग त्याला वाटलं असावं की जरा जास्तच झालं. "तुला कमी पडलं तर सांगायचं. आम्ही काय मेलोय?"

मी आईकडं बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"आई, तुला ठाऊक होतं?"

"सही करून टाक बाई," ती म्हणाली. "भाऊ तुटले तर पुढं कोण बघायचं तुला?"

"तुला ठाऊक होतं का, एवढंच सांग."

"पोरांपुढं माझं काय चालतंय गं."

झुरळांची घाण मी सकाळी हातानं काढली होती. नखं झाडली होती. त्या थुंकीच्या डब्याचं तर वर्षानुवर्षं मला काही वाटेनासं झालं होतं. पण आईचं ते बोलणं ऐकून मात्र मी उठून मोरीवर गेले आणि ओकले. आत कुणी आलं नाही. चूळ भरून बाहेर आले तर सगळे आपापल्या जागी होते, आणि बापूकाकांनी पेनाचं टोपण काढून पेन कागदावर आडवं ठेवलं होतं.

"पित्त झालं असंल," ते म्हणाले. "सही कर आन जरा पड जा."

"वाटणी चुकलीय, काका."

"चुकली? पंखेसुद्धा मोजून घेतलेत मी."

"पंखे मोजलेत. माणसं मोजायची राहिली. आप्पांच्या मागं आम्ही चौघं आहोत. दादा, शशी, मी आणि आई. चार वाटे करा. पहिल्यापासून. इमारत, प्लॉट, गाळा, सगळ्याचे."

आईच घाईघाईनं म्हणाली, "मला नको गं बाई काही. माझं नाव घेऊ नको."

"तुला नको असेल तर ते तू वकिलासमोर सांग. मोजताना चार."

"वकील?" दादा म्हणाला. त्यानं सबंध दिवसात पहिल्यांदा तोंडातला गुटखा पुरता थुंकून टाकला. "नवऱ्याला सोडून आलीस तेव्हा दारात कुणी घेतलं तुला?"

"आप्पांनी. त्यांच्या दारात. तेच दार तू आज वाटून घेतोयस."

"बारा वर्षं फुकट खाल्लंस."

"तुझा डबा मी धुतलाय, दादा. फुकट म्हणू नको."

शशी मध्ये पडला. तो नेहमीच मध्ये पडायचा, आपल्या सोयीनं. "ताई, असं कर. माझी रॅम पण घे तू. आणि साडीपण आणू, पैठणी आणू. पण कागद नको अडवू. गाळ्याचं सगळं त्यावर अडलंय."

रॅम घे म्हणाला तो. निम्मी. मला हसू आलं, आणि हसू आल्याचीच किळस वाटली. मी कागद उचलला, दुमडला आणि बापूकाकांच्या पिशवीत परत ठेवून दिला. फाडला वगैरे नाही. त्यांचा कागद, त्यांच्या पिशवीत.

"पोरी, ऐक माझं," बापूकाका आवाज खाली आणून म्हणाले. "मी लई वाटण्या केल्यात. बहीण एकदा का हिश्शाला बसली की मग तिला दिवाळी नाही, पंचमी नाही. न्यायला कुणी येत नाही. हिश्श्यात काय घेशील? चार भिंती. त्यापायी आख्खं माहेर घालवशील."

"काका सांगतात ते ध्यानात ठेव," दादा म्हणाला. "सही केली नाहीस तर आजपासून तुला माहेर नाही."

मी शशीच्या हातातून गोणपाट घेतला आणि जमिनीवर पालथा केला. कॅबिनेट पुढं ओढलं, त्यातलं उरलंसुरलं कुंकू फडक्यानं पुसलं आणि बोर्ड जागेवर ठेवून पहिला स्क्रू आवळला.

"काय करतीस?" शशी म्हणाला.

"होतं तसं जोडून ठेवते. चार वाटे होईपर्यंत यातलं काही बाहेर जाणार नाही. डिस्क आण, दादा. तुझी रॅम दे, शशी."

"ऐकू आलं नाही का?" दादा ओरडला. "माहेर नाही तुला."

"आलं ऐकू," मी म्हणाले. "माहेर पाहुणीला असतं, दादा. मी इथं राहते."

आणि रॅमसाठी हात पुढं करून बसले.